मांजराचे गजकर्ण

ज्या रोगाने सहसा कोणतेही जनावर दगावत नाही, आणि ज्यावर काडीचाही उपचार न केला तरी निकोप प्रकृतीचे मांजर दोन-तीन महिन्यांत आपोआप बरे होऊ शकते, त्या रोगापायी तुम्ही एवढी वर्षे इतका आटापिटा का करीत आलात, असा प्रश्न परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून नुकतीच पदवी घेऊन माझ्याकडे उमेदवारीस आलेल्या एका तरुणाने मला गेल्या पावसाळ्यात विचारला. प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्या दिवशी सकाळपासून आलेल्या सात मांजरांपैकी चार गजकर्णाची होती, आणि प्रत्येकाच्या धन्याशी मी अर्धा-अर्धा तास बोलत बसल्यामुळे बाहेरच्या बाकावर लोक ताटकळत होते. हा रोग मांजराकडून माणसास होतो, एवढे कारण पुरे आहे, असे मी त्याला सांगितले. ते खरे होते. परंतु त्या उत्तराने माझे स्वतःचेच समाधान झाले नाही, आणि दवाखाना बंद करून घरी जाताना आरंभीच्या दिवसांतील एक गोणपाट, त्यातील एक करड्या रंगाची मांजर आणि तिला घेऊन गेलेला एक सज्जन मनुष्य यांची आठवण माझ्या मनातून जाईना, म्हणून हा मजकूर लिहावयास बसलो आहे.

माझा दवाखाना वरळी नाक्याच्या आसपास आहे. एका बाजूला बी. डी. डी. चाळी, दुसऱ्या बाजूला किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रात शिरलेला कोळीवाडा, आणि तिसऱ्या बाजूला अलीकडे उभे राहिलेले उंच मनोरे, अशा तीन मुलखांच्या सीमेवर तो असल्यामुळे एकाच जातीच्या प्राण्याची तीन निरनिराळी आयुष्ये मला एकाच टेबलावर पाहावयास मिळतात. कोळीवाड्यातील मांजर कोणा एकाचे नसते; ते होडीचे, जाळ्याचे आणि ज्या दारात त्या दिवशी बोंबील निवडले जात असतील त्या दाराचे असते, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बरगड्या दिसेपर्यंत वाळते. मनोऱ्यातील मांजर बहुधा लांब केसांचे पर्शियन असते, ज्याच्या पायाला माती कशी ती ठाऊक नसते, आणि ज्याच्या दाट केसांत हा रोग महिनोनमहिने कोणाच्या नजरेस न येता मुक्काम करून राहू शकतो. चाळीतील मांजर या दोहोंच्या मधले: ते एका घरी जेवते, दुसऱ्या घरी झोपते आणि तिसऱ्या घरी विते. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, मध्ये लांबच लांब अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. संसर्गाच्या दृष्टीने पाहिले तर मांजराला ८० खोल्यांची ही इमारत म्हणजे एकच घर आहे, हे समजावयास मला फार वर्षे लागली, आणि त्या अज्ञानाची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याने दिली.

रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गजकर्ण, नायटा, दाद ही आपल्या बोलीतील नावे. आयुर्वेदात त्यास दद्रु म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर माळावर उगवणाऱ्या ज्या टाकळ्याची कोवळी भाजी कोकणात घरोघर होते, त्याचे एक संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे आहे. आणि कोळीवाड्यातील एका आजींनी टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात वाटून त्याचा लेप लावलेले मांजर माझ्याकडे आणले तेव्हा त्यांच्या माहितीचा मला आदरच वाटला. अडचण माहितीची नव्हती, मांजराच्या जिभेची होती. माणसाच्या दंडावर लावलेला लेप दंडावर राहतो. मांजराच्या अंगावर लावलेली कोणतीही वस्तू घटकाभरात त्याच्या पोटात जाते, आणि मांजराचे यकृत तर अनेक द्रव्ये पचविण्यास मूळचेच दुबळे. त्या मांजराने लेप चाटून काढला होता, जीभ पोळली होती, दोन दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते, आणि कानावरचा चट्टा होता तिथेच होता.

चट्टा ज्या बुरशीमुळे पडतो तिचे शास्त्रीय नाव मायक्रोस्पोरम कॅनिस. १९०२ साली बोदँ या फ्रेंच संशोधकाने हे नाव दिले, आणि त्याचा अर्थ 'कुत्र्याचा' असा होत असला तरी या बुरशीचे खरे माहेर मांजराची कातडी हेच आहे. त्याच्याही सहा दशके आधी, १८४३ साली, पॅरिसमध्ये दाव्हिद ग्रुबी या वैद्याने मुलांच्या डोक्यावरील गजकर्णाच्या केसांभोवती सूक्ष्मदर्शकातून बारीक बीजाणूंचे वेष्टन पाहिले आणि मायक्रोस्पोरम या कुळाचे नामकरण केले. पुढे साबुरो याने या सर्व बुरशींचा जो महाग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला तो आजही या शास्त्राचा पाया मानला जातो. ही बुरशी जिवंत मांसात शिरत नाही. केस, नख आणि कातडीचा वरचा मृत थर ज्या केरॅटिन नावाच्या द्रव्याचे बनलेले असतात, तेच तिचे अन्न. केसाच्या मुळाशी शिरून ती केस पोखरते, केस तुटतो, आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्यावर असंख्य बीजाणू चिकटलेले असतात. ते गोधडीवर, पायपुसण्यावर, पंख्याच्या पात्यावर जाऊन बसतात आणि अनुकूल परिस्थितीत दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकतात. गोधडीवर ते वाढत नाहीत, त्यांची संख्या तिथे दुणावत नाही, हे मात्र मी प्रत्येकास आवर्जून सांगतो, कारण घरातील भिंतीसुद्धा आता बुरशीने भरतील अशा भयाने पछाडलेली माणसे मी पाहिली आहेत. बीजाणूस पुन्हा कातडी भेटावी लागते. ती भेटू न देणे हेच अर्धे काम.

निदानासाठी मी जो दिवा वापरतो त्याची मला अजूनही लहान मुलासारखी अपूर्वाई वाटते. रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञाने १९०३ साली अतिनील किरणांखेरीज बहुतेक सर्व प्रकाश अडविणारी काच तयार केली, आणि १९२५ मध्ये दोघा फ्रेंच वैद्यांनी त्या काचेतून आलेल्या किरणांखाली गजकर्णाने पछाडलेले केस चमकतात असे दाखवून दिले. खोलीतील दिवे मालवून, शटर खाली ओढून, मांजराला टॉवेलात गुंडाळून आम्ही अंधारात उभे राहतो. डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत दोन-चार मिनिटे जावी लागतात, आणि ही मिनिटे वाचविण्याच्या नादात मी उमेदीच्या काळात किती चुकलो असेन त्याची गणती नाही. मग दिवा कानामागून, ओठांच्या कडेने, पंज्यांवरून सावकाश फिरत जातो, आणि कुठेतरी एकाएकी कच्च्या सफरचंदाच्या हिरव्या रंगाचे केस तेवढे उजळून निघतात. लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की चमकला पाहिजे तो केस. खपली नव्हे, साबणाचा अंश नव्हे, आणि कोणीतरी आधी चोपडलेले मलमही नव्हे, कारण मलमे निळसर पांढरी चमकतात आणि उतावळ्या वैद्यास फसवितात. चाळीतील एका मावशींनी तो हिरवा उजेड आपल्या मांजरीच्या कानात पाहिला तेव्हा त्या पुष्कळ वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि शटर वर गेल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, म्हणजे इतके दिवस हे आमच्या उशाशी जळत होतं."

आता ती गोणपाटाची हकीकत. मी दवाखाना थाटला त्या काळी मांजरांसाठी पोटातून देण्याजोगे खात्रीचे औषध म्हणजे ग्रिसिओफुल्विन. १९३९ साली एका पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून ते प्रथम वेगळे काढण्यात आले, आणि जवळजवळ वीस वर्षांनी, १९५८ मध्ये, गिनीपिगांवरील प्रयोगांतून ते पोटात दिले असता कातडीवरील गजकर्ण बरे करते असे सिद्ध झाले. एका बुरशीच्या पोटातून दुसऱ्या बुरशीचा इलाज निघावा, याचे मला फार आश्चर्य वाटत असे. स्निग्ध पदार्थाबरोबर ते चांगले शोषले जाते म्हणून मी तुपातून देण्यास सांगे. तळमजल्यावरील खोलीत राहणारे, गिरणी बंद पडल्यापासून घरीच असलेले एक काका आपली करडी मांजर घेऊन आले. मी औषध दिले, आणि पाचव्या आठवड्यात ते तिला पुन्हा घेऊन आले तेव्हा चट्ट्यांच्या जागी नवी लव इतकी सुरेख उगवली होती की मी आनंदाने औषध बंद केले. दिवा लावला नाही. घरातील अंथरुणाविषयी विचारले नाही. कातडीवर बाहेरून काही लावण्याची तजवीज तर मुळातच केली नव्हती. दोन महिन्यांच्या आत समोरच्या खोलीतील लहान मुलीच्या गालावर वाटोळा चट्टा उठला, मग त्याच मजल्यावरील आणखी दोन घरांत, मग वरच्या मजल्यावरील एका पिलाच्या अंगावर. आणि बोळातील सर्व बोटे त्या करड्या मांजरीकडे वळली. काका माझ्याकडे आले ते रिकाम्या हातांनी. त्यांनी तिला गोणपाटात घालून ससून गोदीत नेऊन सोडले होते. "शेजार मोडवेना हो डॉक्टर," एवढेच ते म्हणाले, आणि मी ज्या फीचा हिशोब विसरलो होतो ती टेबलावर ठेवून निघून गेले. मी दोनदा गोदीत जाऊन आलो. हजारो मांजरांच्या त्या वस्तीत एक करडी मांजर शोधणे व्यर्थ होते, पण न जाणे मला शक्य झाले नाही.

माझी चूक औषधाच्या निवडीत नव्हती, समजुतीत होती. पोटात दिलेले औषध रक्तातून केसाच्या मुळाशी पोचते आणि तिथे नव्याने तयार होणाऱ्या केसात बुरशीस शिरकाव करू देत नाही. म्हणजे ते रोगाची पुढची वाट बंद करते. परंतु कातडीबाहेर आलेल्या, आधीच पोखरल्या गेलेल्या केसांवर जे बीजाणू बसले आहेत त्यांच्यावर त्याचा अंमल चालत नाही. ते झडत राहतात आणि जिथे झडतील तिथे पुढचे गिऱ्हाईक शोधीत राहतात. उलट बाहेरून लावलेले द्रावण त्या बीजाणूंचा नाश करते, पण केसाच्या मुळाच्या खोल कूपात पोचत नाही. एकट्या गोळीने मांजर बरे होते आणि घर आजारी राहते. एकट्या स्नानाने घराचा धोका कमी होतो आणि मांजराचा रोग लांबतो. दोन्ही उपचार एकाच दिवशी सुरू झाले पाहिजेत आणि शेवटपर्यंत बरोबर चालले पाहिजेत. २०१७ साली जगभरच्या पशुत्वचारोगतज्ज्ञांनी जी सर्वसंमत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तिच्यात हेच सूत्र ठळकपणे मांडले आहे, आणि ती वाचताना मला ससून गोदीची वाट आठवली.

ग्रिसिओफुल्विन मी आता मांजरांस देत नाही. गाभण मांजरीच्या पोटातील पिलांत त्याने व्यंग निर्माण होते, आणि काही मांजरांच्या, विशेषतः रोगप्रतिकारशक्ती मोडणाऱ्या विषाणूची बाधा झालेल्यांच्या, अस्थिमज्जेवर ते असा घाला घालते की रक्तातील पांढऱ्या पेशी निर्माणच होईनाशा होतात. त्याची जागा इट्राकोनॅझोलने घेतली. मांजराच्या दर किलो वजनास दिवसाला ५ मिलिग्रॅम, एक आठवडा औषध आणि एक आठवडा विश्रांती, अशी तीन आवर्तने, हा त्याचा रूढ क्रम. आणि मधल्या विश्रांतीची मुभा का, तर हे औषध केसांत आणि कातडीत साठून राहते आणि देणे थांबले तरी आपले काम करीत राहते. आपल्याकडे सहज मिळणारी कॅप्सूल माणसाच्या मापाची, १०० मिलिग्रॅमची. ती उघडली की आत खसखशीएवढे गोल दाणे निघतात. चार किलोच्या मांजरास त्यांचा पाचवा हिस्सा. म्हणून मी चाळीतील बायकांना स्वच्छ कागदावर त्या दाण्यांच्या पाच सारख्या राशी करावयास शिकवितो. दाणे कुटावयाचे नाहीत, रिकाम्या पोटी द्यावयाचे नाहीत, मासळीच्या एका घासात लपवून द्यावयाचे आणि घास पुरता गिळला याची खातरजमा करावयाची. तांदूळ निवडणाऱ्या, राखीच्या टिकल्या चिकटविणाऱ्या त्या बोटांनी केलेल्या राशी मी तराजूवर तोलून पाहिल्या आहेत, आणि त्या माझ्या स्वतःच्या राशींहून अधिक सारख्या भरल्या. मांजर जेवण टाकू लागले किंवा ओकू लागले तर औषध तत्काळ थांबवून मला कळवावे आणि यकृताची तपासणी करून घ्यावी, ही सूचना मी तोंडी देतो आणि कागदावरही लिहून देतो.

बाहेरील उपचाराचा इतिहास अधिक उग्र आहे. माझे एक ज्येष्ठ व्यवसायबंधू चुना आणि गंधक एकत्र उकळून केलेले पिवळे द्रावण पाण्यात योग्य प्रमाणात विरघळवून त्यात मांजर भिजवीत, आणि त्याच्या गुणाविषयी त्यांच्याशी वाद घालण्याची कोणाची छाती नव्हती. आजही त्याची गणना उत्तम औषधांत होते. परंतु त्याची दुर्गंधी सडक्या अंड्यांची, आणि चांदीचा त्याच्याशी संबंध आला की चांदी काळी पडते. मी चाळीत ते एकदाच वापरून पाहिले. त्या घरातील बाईंची जोडवी काळी झाली, बोळातील वीस खोल्यांनी दारे लावून घेतली, आणि उपचाराच्या दुसऱ्या फेरीची परवानगी मला घरच्यांकडून नव्हे तर मजल्याकडून घ्यावी लागली. तेव्हापासून मी मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडिन, प्रत्येकी दोन टक्के, असलेला शाम्पू पसंत करतो. ही दोन द्रव्ये एकमेकांस पूरक आहेत. प्रयोगशाळेतील तपासणीत दोहोंचा एकत्रित प्रभाव प्रत्येकाच्या स्वतंत्र प्रभावाहून मोठा दिसून आला आहे. आठवड्यातून दोनदा स्नान, फेस दहा मिनिटे अंगावर तसाच, मग कोमट पाण्याने धुऊन ताबडतोब कोरडे करणे, आणि तोपर्यंत मांजराची जीभ अंगाला लागू न देणे. दहा मिनिटे हा शब्द उच्चारणे सोपे आहे. १६० चौरस फुटांत, मोरीच्या एका कोपऱ्यात, ओल्या आणि संतापलेल्या मांजरास दहा मिनिटे धरून ठेवणाऱ्या शाळकरी मुलास मी पाहिले आहे. तो मोठ्याने पाढे म्हणत होता, आणि एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत आले की दहा मिनिटे होतात असा त्याने स्वतःचा हिशोब बसविला होता.

कधी कधी हे सर्व करूनही रोग हटत नाही, आणि तेव्हा पोटात देण्याची दोन औषधे एकत्र करण्याचा प्रश्न उभा राहतो. बुरशीच्या पेशीच्या आवरणास जो पदार्थ लागतो, त्याचे नाव एर्गोस्टेरॉल, तो पायरीपायरीने तयार होतो. टर्बिनाफिन त्यातील एक आरंभीची पायरी अडविते आणि इट्राकोनॅझोल पुढची एक. माल एकाच रस्त्याने येतो, आणि त्याच रस्त्यावर जकातीचे दोन नाके बसविलेले असतात; एक नाका चुकवून जो माल पुढे सरकेल तो दुसऱ्यावर अडकावा. युक्तिवाद निर्दोष आहे, म्हणूनच मी त्याच्यापासून जपून असतो. दोन्ही औषधांचा भार एकाच लहानशा यकृतावर पडतो, आणि आजवर असा जोड मी मोजक्याच मांजरांस दिला, तोही रक्त तपासून आणि एकेका औषधाची मुदत पुरती संपल्यावर. बाकीच्या बहुतेक हट्टी रोग्यांच्या बाबतीत शोध घेता असे आढळले की औषध हरलेले नव्हते: दाणे घासाबाहेर सांडत होते, घरातील दुसऱ्या मांजरास, अंगावर चट्टा नसल्यामुळे, उपचारातून वगळलेले होते, किंवा गोधडी धुतलेली नव्हती. मुंबईच्या पावसाळ्यात गोधडी धुणे ही केवढी बाब आहे हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. भिजलेली गोधडी दोघांना उचलत नाही आणि आठ दिवस वाळत नाही. म्हणून मी आता पावसाळाभर गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवावयास आणि मांजरास जुन्या सुती लुगड्याचे तुकडे अंथरावयास सांगतो, जे रोज बदलता आणि धुता येतात. अशा गोष्टी कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर छापलेल्या नसतात, आणि माझी अर्ध्या-अर्ध्या तासाची संभाषणे त्यांच्यातच जातात.

मांजराविरुद्ध फिर्याद आली म्हणजे ते दोषी असतेच असे नाही, हेही इथे नोंदविले पाहिजे. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात माणसांचे गजकर्ण चिवट झाले आहे. स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक यांची खिचडी असलेली मलमे चिठ्ठीवाचून विकत घेऊन लावण्याची वहिवाट पडली. स्टेरॉइडने खाज आणि लाली तेवढी दबते, आणि बुरशीला रान मोकळे मिळते. टर्बिनाफिनला दाद न देणारी जी नवी जात या काळात फैलावली तिला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनिआय असे, आपल्या देशाची आठवण ठेवणारे, नाव देण्यात आले. ती मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जाते. एक कुटुंब कंबर, मांड्या, पोट अशा सर्वत्र पसरलेल्या चट्ट्यांनी हैराण होऊन आपल्या पांढऱ्या बोक्यास घराबाहेर काढण्याचा हुकूम माझ्या तोंडून घ्यावयास आले होते. मी दिवा लावला. एकही केस चमकला नाही. नव्या दातब्रशाने त्याचे सर्व अंग विंचरून तो ब्रश संवर्धनाच्या थाळीवर टेकविला, आणि तीन आठवडे वाट पाहिली. बुरशी असती तर थाळीचे माध्यम लाल झाले असते आणि तिच्यावर कापसासारखी पांढरी, मागून पिवळी वाढ आली असती. थाळी होती तशी राहिली. मी बोक्याच्या नावे कागद लिहून दिला आणि त्या पाचही माणसांना त्वचारोगतज्ज्ञाकडे रवाना केले, आणि घरातील मलमांच्या सर्व नळ्या कचऱ्यात टाकावयास लावल्या. बोका त्या घरात आहे.

माझ्या उमेदवाराला मी जे सांगावयास हवे होते ते हे. मांजराची कातडी पुष्कळदा आपली आपण बरी होते. परंतु ते दोन-तीन महिने तिला कोणाच्या तरी घरात काढावयाचे असतात, आणि रोगाने ज्याची हानी होते ती तिच्या अंगाची नसून त्या घरातील तिच्या जागेची असते. एक मुलगी गाल खाजवू लागते, एक शेजारीण दार लावून घेते, आणि ज्याने तिला घास भरविला तोच मनुष्य गोणपाट शोधू लागतो. पोटातील औषध आणि अंगावरील औषध एकत्र देऊन मी त्या महिन्यांची मुदत आणि त्यांतील धोका कमी करतो, इतकेच. आणि मुलीच्या गालासाठी डॉक्टर असतो, मांजरीच्या जागेसाठी मीच असतो.

२०२५ च्या ऑगस्टात चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उजेड पाहून गप्प झालेल्या त्याच मावशी त्यानंतर काही दिवसांनी आपली मांजर घेऊन आल्या. उपचार उन्हाळ्यापासून चालला होता. पहिली थाळी स्वच्छ निघाली होती, आणि मी नेहमी मागतो ती दुसरी थाळी पुरी व्हावयाची होती. मी शटर खाली ओढले. आम्ही दोघे अंधारात उभे राहिलो, मांजर टॉवेलात गुरगुरत राहिली, आणि दिवा कानावरून, ओठांवरून, पंज्यांवरून, शेपटीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. कुठेही काही उजळले नाही. आठ दिवसांनी दुसरी थाळीही पिवळीच्या पिवळी राहिली, आणि मी दप्तरात तशी नोंद करून त्यांना निरोप धाडला. त्या स्वतःच आल्या. मांजरीविषयी त्यांनी काही विचारले नाही. माळ्यावर पिशवीत बांधून ठेवलेली गोधडी त्यांच्या सासूबाईंनी शिवलेली होती, आणि सामान नेणारी माणसे परवा येणार होती. ती नव्या घरात न्यावी की इथेच टाकून द्यावी, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते. मी त्यांना सांगितले की कोरड्या ब्रशाने आधी सगळे केस काढा, मग दोनदा गरम पाण्यात साबणाने धुवा, नव्या इमारतीच्या गच्चीवर ऊन येते का ते पाहा, आणि घेऊन जा.